डीरेटेड पिस्टन इंजिने आणि कार्ब्युरेटरमध्ये साचणारा बर्फ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळून ते मिश्रण इंजिनाला पुरवणारा भाग) असलेल्या पिस्टन इंजिनाची विमाने किंवा हेलिकॉप्टरे उडवणारे, उडवायला शिकणारे आणि त्यांची देखभाल करणारे वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. आपल्या विमानाच्या उड्डाण-पुस्तिकेत वेगळी सूचना असेल, तर ती पुस्तिकाच प्रमाण मानावी.

डीरेटेड इंजिन म्हणजे नेमके काय?

एखादे इंजिन मूळ रचनेनुसार जेवढी शक्ती देऊ शकते, त्यापेक्षा कमी शक्तीवरच ते चालवायचे असे बंधन घालून विमानात बसवले असेल, तर त्याला डीरेटेड इंजिन म्हणतात. रॉबिन्सन कंपनीचे आर-२२ हे दोन आसनी हेलिकॉप्टर हे याचे सर्वांत परिचित उदाहरण आहे. आर-२२ बीटा या प्रकारात लायकोमिंगचे ओ-३२० मालिकेतील १६० अश्वशक्तीचे इंजिन असते, पण उड्डाणाच्या वेळी जास्तीत जास्त ५ मिनिटे १३१ अश्वशक्ती आणि सलग वापरासाठी १२४ अश्वशक्ती एवढीच परवानगी असते. पुढच्या बीटा-२ प्रकारात मोठे ओ-३६० मालिकेतील इंजिन आले, तरी या दोन्ही मर्यादा तशाच राहिल्या. चार आसनी आर-४४ च्या कार्ब्युरेटर असलेल्या प्रकारात ओ-५४० मालिकेतील इंजिन २२५ अश्वशक्ती उड्डाणासाठी आणि २०५ अश्वशक्ती सलग वापरासाठी, अशा मर्यादेत चालवले जाते.

हाताशी असलेली शक्ती मुद्दाम का सोडून द्यायची?

ती सोडून दिलेली नसते, उंचीसाठी राखून ठेवलेली असते. उंची वाढली की हवा विरळ होते आणि टर्बोचार्जर नसलेल्या इंजिनाची कमाल शक्ती घटत जाते. खालच्या १०,००० फुटांत दर हजार फुटांमागे वातावरणाचा दाब पाऱ्याच्या साधारण १ इंचाने कमी होतो. समुद्रसपाटीला २९.९२ इंच दाब असताना ज्या इंजिनाला २३ इंच मॅनिफोल्ड प्रेशरवर (सिलिंडरकडे जाणाऱ्या नळीतल्या दाबावर) थांबवले आहे, त्याचे थ्रॉटल, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप, तिथे अर्धवटच उघडलेले असते. उंचीवर गेल्यावर ते आणखी उघडून तीच शक्ती मिळवता येते, आणि अशा इंजिनाची अनुज्ञेय शक्ती ५-६ हजार फुटांपर्यंत फारशी घटत नाही. उष्ण दिवशी किंवा उंच पठारावर घिरट्या घेणाऱ्या हेलिकॉप्टरला याचे मोल फार आहे.

याखेरीज दोन कारणे आहेत. हेलिकॉप्टरमध्ये इंजिनाची शक्ती पट्टे, गिअरबॉक्स आणि शाफ्ट यांतून रोटरपर्यंत पोहोचते आणि या सर्व भागांची सहनशक्ती ठरलेली असते, त्यामुळे इंजिनाला त्या मर्यादेत ठेवावे लागते. शिवाय कमी ताणावर चालणारे इंजिन अधिक टिकते. आर-२२ ची मोठी दुरुस्ती २,२०० तासांनी करायची असते, आणि इंजिनही तिथपर्यंत चालावे यासाठी हा कमी ताण उपयोगी पडतो.

ही मर्यादा पाळली कशी जाते? इंजिनात काही अडथळा बसवलेला असतो का?

बहुतेक वेळा असा अडथळा नसतो, आणि पुढच्या सगळ्या उत्तरांच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे. आर-२२ मध्ये वैमानिकासमोर एक तक्ता लावलेला असतो. बाहेरचे तापमान आणि दाब-उंची (हवेच्या दाबावरून ठरणारी उंची) पाहून त्यातून त्या क्षणी अनुज्ञेय असलेले मॅनिफोल्ड प्रेशर काढायचे आणि ते ओलांडायचे नाही. उंची वाढली की हा आकडा थोडा खाली येतो, कारण विरळ हवेत एक्झॉस्टचा उलटा दाब कमी होऊन त्याच मॅनिफोल्ड प्रेशरला शक्ती जास्त मिळते. तापमान वाढले की आकडा थोडा वर जातो, कारण गरम हवेची घनता कमी असते. म्हणजे मर्यादा पाळण्याची जबाबदारी वैमानिकावर असते. थ्रॉटल यांत्रिकदृष्ट्या पूर्ण उघडू शकते, आणि फेरे स्थिर राखण्यासाठी थ्रॉटल आपोआप हलवणाऱ्या गव्हर्नरला तर त्या तक्त्याचे काहीच माहीत नसते.

काही इंजिनांची शक्ती अन्य मार्गांनी कमी केलेली असते. कमाल फेरे कमी ठरवणे किंवा कॉम्प्रेशन कमी ठेवणे हे त्यांतले प्रमुख मार्ग आहेत. सेसना १७२-आर मधील आयओ-३६० मालिकेतील इंजिन मिनिटाला २,४०० फेऱ्यांवर मर्यादित करून १६० अश्वशक्तीचे केलेले आहे. अशा विमानात उड्डाणाच्या वेळी थ्रॉटल पूर्ण उघडलेलेच असते.

बाहेर ऊन पडलेले असताना कार्ब्युरेटरमध्ये बर्फ कसा तयार होतो?

कार्ब्युरेटरच्या घशात दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. अरुंद व्हेन्चुरीतून आणि पुढे थ्रॉटलच्या फुलपाखरी झडपेच्या कडेने जाताना हवेचा वेग वाढतो, दाब घसरतो आणि हवा थोडी थंड होते. पण थंडाव्याचा मोठा वाटा इंधनाचा असतो. पेट्रोलचे बाष्पीभवन होताना ते आसपासच्या हवेतून आणि धातूतून उष्णता खेचून घेते. दोन्ही मिळून तापमान २० ते ३० अंश सेल्सिअसने, क्वचित त्याहूनही अधिक घसरू शकते. बाहेर २५ अंश असताना झडपेवर शून्याखालचे तापमान असणे मुळीच अशक्य नाही. हवेत पुरेशी वाफ असेल, तर ती तिथेच गोठते.

बर्फाचे तीन प्रकार मानले जातात. इंधनाच्या बाष्पीभवनामुळे होणारा पहिला आणि झडपेपाशी दाब घसरल्यामुळे होणारा दुसरा. हे दोन्ही बहुधा एकत्रच येतात आणि स्वच्छ आकाशातही होतात. तिसरा आघाताने साचणारा बर्फ. तो ढगात, हिमवृष्टीत किंवा अतिशीत पावसात, हवेच्या तोंडावर आणि गाळणीवर जमतो. या पानावर पहिल्या दोन प्रकारांचाच विचार केला आहे.

एवढ्याशा हवेत पाणी ते किती असणार?

एक उदाहरण मांडून पाहू. बाहेरचे तापमान २० अंश, दवबिंदू १४ अंश, म्हणजे सापेक्ष आर्द्रता सुमारे ६८ टक्के. हा कोणालाही साधा, प्रसन्न दिवस वाटेल. अशा एक घनमीटर हवेत सुमारे १२ ग्रॅम वाफ असते. हीच हवा घशात उणे ५ अंशांपर्यंत थंड झाली, तर तिच्यातली ७ ते ८ ग्रॅम वाफ तिला धरून ठेवता येत नाही. ५.९ लिटरचे ओ-३६० इंजिन मिनिटाला सुमारे २,६५० फेऱ्यांवर, अर्धवट उघड्या थ्रॉटलने चालताना मिनिटाला अदमासे ५ घनमीटर हवा ओढते. म्हणजे दर मिनिटाला ३५ ते ४० ग्रॅम पाणी त्या घशात वाफेतून बाहेर पडते.

यातले बहुतेक पाणी थेंबांच्या किंवा बारीक कणांच्या रूपाने सिलिंडरमध्ये निघून जाते आणि काही त्रास देत नाही. पण त्याचा दहावा हिस्सा जरी झडपेच्या कडेला आणि मागच्या पृष्ठभागाला चिकटला, तरी मिनिटाला ४ ग्रॅम बर्फ वाढत जातो. ज्या फटीतून सगळी हवा जायची ती फट काही मिलिमीटरचीच असते, हे ध्यानात घेतले की पाच-दहा मिनिटांत काय होऊ शकते हे वेगळे सांगावे लागत नाही.

कोणत्या हवामानात सावध राहावे?

पाठ्यपुस्तकांत साधारणपणे उणे ७ ते २१ अंश सेल्सिअस तापमान आणि ८० टक्क्यांहून अधिक आर्द्रता हा सर्वाधिक शक्यतेचा पट्टा सांगितला जातो. तो पट्टा बरोबर आहे, मात्र त्याच्या बाहेर धोका नाही असा अर्थ त्यातून काढू नये. ३८ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता असतानाही बर्फ होऊ शकतो, असे अमेरिकेच्या नागरी विमान वाहतूक प्रशासनाच्या प्रशिक्षण साहित्यात नमूद आहे. रॉबिन्सन कंपनीने डिसेंबर १९८६ मध्ये प्रथम काढलेल्या पंचविसाव्या सुरक्षा सूचनेतही ३० अंशांपर्यंतच्या तापमानात बर्फ होऊ शकतो असा इशारा आहे.

नुसत्या तापमानापेक्षा तापमान आणि दवबिंदू यांतले अंतर अधिक बोलके असते. हे अंतर जितके कमी, तितकी हवा संपृक्ततेच्या जवळ. पावसानंतरची सकाळ, ओले गवत, तळे किंवा नदीच्या वरचा थर, ढगांच्या तळाच्या लगतची उंची, विरत चाललेले धुके या जागा आणि वेळा विमानतळावरच्या हवामान अहवालात दिसतीलच असे नाही. उलट खूप थंडीत, उणे १५ अंशांच्या खाली, हवेत वाफ इतकी थोडी असते की शक्यता कमी होते.

डीरेटेड इंजिनाला हा धोका जास्त असतो असे का म्हणतात?

याचे उत्तर झडपेच्या कोनात आहे. साध्या विमानाचा वैमानिक उड्डाणाच्या वेळी थ्रॉटल पूर्ण उघडतो. तेव्हा फुलपाखरी झडप हवेच्या प्रवाहाला समांतर असते, तिच्यापाशी दाब फारसा घसरत नाही, वाट रुंद असते आणि बर्फाला धरायला जागा कमी मिळते. म्हणूनच अशा विमानात बर्फाची चिंता प्रामुख्याने उतरताना, थ्रॉटल बंद असताना करायला शिकवतात.

ज्याची शक्ती मॅनिफोल्ड प्रेशरच्या मर्यादेने कमी केलेली आहे, त्या इंजिनाचे थ्रॉटल मात्र समुद्रसपाटीजवळ कधीच पूर्ण उघडत नाही. उड्डाण करताना, वर चढताना, घिरट्या घेताना, सरळ जाताना, सर्व वेळ झडप तिरकीच असते. लायकोमिंगच्या या इंजिनांवरील कार्ब्युरेटरमध्ये हवा खालून वर जाते आणि इंधनाचा फवारा झडपेच्या किंचित खाली, व्हेन्चुरीत सुटतो. बाष्पीभवन होत असलेले ते इंधन थेट तिरक्या झडपेवर आदळते. तिच्या कडेने जाणारी हवा आधीच दाबाच्या घसरणीने थंड झालेली असते. थंडावा, ओलावा आणि अरुंद फट या तिन्ही गोष्टी एकाच जागी येतात. बर्फासाठी याहून अनुकूल जागा इंजिनात दुसरी नाही.

त्यातून हेलिकॉप्टरमध्ये तर लागेल तेवढीच शक्ती वापरून जमिनीवरून उठायचे असते. हलके वजन आणि थंड, घट्ट हवा असेल, तर थ्रॉटल आणखीच मिटलेले राहते. म्हणजे ज्या दिवशी हेलिकॉप्टर सर्वांत सहज उडते, त्याच दिवशी झडप बर्फाच्या सर्वाधिक सोयीच्या कोनात असते. सवयीने विमान उडवणारा वैमानिक हेलिकॉप्टरकडे वळतो तेव्हा "उड्डाणात बर्फ होत नाही" हा जुना समज बरोबर घेऊन येतो. प्रशिक्षकांनी पहिल्याच तासात हा समज काढून टाकावा, असे माझे आग्रहाचे मत आहे.

मग प्रत्येक डीरेटेड इंजिनाबद्दल हेच म्हणता येईल का?

नाही. शक्ती कोणत्या मार्गाने कमी केली आहे यावर सारे अवलंबून आहे. फेरे मर्यादित केले असतील किंवा कॉम्प्रेशन कमी असेल, तर उड्डाणात थ्रॉटल पूर्ण उघडेच राहते आणि त्या इंजिनाचा बर्फाचा स्वभाव मूळ इंजिनासारखाच असतो. कार्ब्युरेटर इंजिनावर कुठे बसवला आहे यानेही फरक पडतो. लायकोमिंगच्या बऱ्याच इंजिनांत तो तेलाच्या कुंडाला खालून जोडलेला असल्याने गरम तेलाची थोडी ऊब त्याला मिळते. कॉन्टिनेन्टलच्या अनेक जुन्या इंजिनांत तो अशा उबेपासून दूर असतो, आणि ती इंजिने बर्फासाठी अधिक संवेदनशील मानली जातात. लायकोमिंगमधली ऊब मदत करते, परंतु तिरक्या झडपेवरचा थंडावा भरून काढायला ती पुरत नाही.

राखीव शक्ती हाताशी असताना थोडा बर्फ झाला तरी काय बिघडते?

हाच विचार सर्वांत घातक आहे, म्हणून या उत्तरावर थोडे थांबू.

डीरेटेड नसलेल्या, स्थिर पात्यांच्या पंख्याच्या विमानात बर्फ जमू लागला की फेरे कमी होतात. वैमानिकाला ते काट्यावर दिसते, कानालाही कळते. फेरे स्थिर राखणाऱ्या पंख्याच्या विमानात मॅनिफोल्ड प्रेशर घसरते. दोन्ही ठिकाणी इंजिन आपली तक्रार लवकर सांगते.

गव्हर्नर असलेल्या हेलिकॉप्टरमध्ये तसे होत नाही. बर्फाने वाट अडवली की फेरे किंचित कमी होऊ लागतात. गव्हर्नर ते लगेच ओळखतो आणि थ्रॉटल थोडे उघडतो. हवेची मूळ वाट पुन्हा तेवढीच होते. फेरे तेच राहतात आणि मॅनिफोल्ड प्रेशरही तेच राहते, कारण तो दाब झडपेच्या पलीकडे, सिलिंडरच्या बाजूला मोजला जातो. इंजिनाला जेवढी हवा हवी तेवढी मिळत असेल, तर ती मोठ्या झडपेतून अर्धी वाट अडलेली असताना आली की छोट्या स्वच्छ फटीतून आली, हे त्या काट्याला कळण्याचे कारण नाही. रॉबिन्सनच्या डिसेंबर १९९६ मधील एकतिसाव्या सुरक्षा सूचनेचा विषय नेमका हाच आहे, की गव्हर्नर कार्ब्युरेटरमधला बर्फ झाकून टाकतो.

आता राखीव शक्तीचा प्रश्न. इंजिन डीरेटेड असल्यामुळे गव्हर्नरला उघडायला बरेच थ्रॉटल शिल्लक असते. साठा जितका मोठा, तितका वेळ बर्फ काहीही न दाखवता वाढू शकतो. उंचीसाठी ठेवलेली ती शक्ती बर्फ गुपचूप खात राहतो. थ्रॉटल शेवटच्या टोकाला पोहोचले की मात्र सूचनेला अवधीच उरत नाही. फेरे घसरतात, रोटरचे फेरे ९७ टक्क्यांच्या आसपास आले की भोंगा वाजतो, आणि हलक्या रोटरच्या आर-२२ मध्ये कलेक्टिव्ह (रोटरच्या सर्व पात्यांचा कोन एकदम बदलणारा दांडा) खाली घ्यायला वैमानिकाच्या हातात जेमतेम एखादा सेकंद असतो. लहान इंजिनाने दहा मिनिटे आधी सांगितले असते, ते मोठ्या इंजिनाने शेवटच्या क्षणापर्यंत सांगितले नाही, असा हा प्रकार आहे.

एक खूण मात्र सापडू शकते. हातातील थ्रॉटलची मूठ गव्हर्नरबरोबर फिरते. भार न बदलता ती हळूहळू उघडण्याच्या दिशेने सरकत असेल, तर बर्फाचा संशय घेऊन लगेच एक्झॉस्टभोवती तापलेली गरम हवा कार्ब्युरेटरला द्यावी (हिलाच कार्ब हीट म्हणतात). पण या खुणेवर विसंबून उड्डाण करू नये, कारण मूठ सैल धरणाऱ्या हातालाच ती जाणवते.

मग बर्फ ओळखायचा कशावरून?

बर्फ ओळखण्याची वाट पाहू नये, तो होऊ शकेल अशी स्थिती ओळखावी. त्यासाठी कार्ब्युरेटरमधील हवेचे तापमान दाखवणारा मापक असतो. आर-२२ आणि आर-४४ मध्ये त्यावर उणे १५ ते ५ अंशांचा पिवळा पट्टा असतो. घिरट्या, चढण आणि सरळ उड्डाण यांत, बर्फाला अनुकूल हवामान असेल, तर काटा या पट्ट्याच्या बाहेर राहील एवढी गरम हवा द्यावी. हवामान अनुकूल आहे की नाही अशी शंका असेल, तर ते आहे असे समजावे.

मापक ठीक दिसत असतानाही उतरताना पूर्ण गरम हवा द्यायला का सांगतात?

थ्रॉटल बरेच मिटले की झडपेवरचा दाब झपाट्याने घसरतो आणि सर्वांत थंड जागा झडपेच्या कडेला, मापकाच्या संवेदकापासून दूर तयार होते. त्या वेळी मापक सुरक्षित तापमान दाखवेल आणि झडपेवर मात्र बर्फ होत असेल. म्हणून रॉबिन्सन हेलिकॉप्टरांत मॅनिफोल्ड प्रेशर १८ इंचांच्या खाली जाणार असेल, तर मापकाकडे न पाहता पूर्ण गरम हवा द्यावी अशी स्पष्ट सूचना आहे. शक्ती कमी करण्याच्या आधी ती द्यावी. इंजिन थंड पडल्यावर एक्झॉस्टभोवतीची हवाही तेवढी गरम राहत नाही, आणि तेव्हा दिलेल्या कार्ब हीटचा परिणाम तोकडा पडतो.

गरम हवा अर्धवट द्यावी की पूर्ण? दोन्ही मते ऐकायला मिळतात.

दोन्ही मते आपापल्या जागी बरोबर आहेत. ज्या विमानात तापमानाचा मापक नाही, तिथे गरम हवा एक तर पूर्ण द्यावी, नाही तर मुळीच देऊ नये. कडाक्याच्या थंडीत हवेतले कोरडे हिमकण न चिकटता निघून जात असतात. थोडीशी ऊब देऊन त्यांना नेमके चिकट तापमानाला आणले, तर नसलेला बर्फ ओढवून घेतल्यासारखे होते. मापक असेल तर अर्धवट ऊब देता येते, कारण काटा कुठे आहे ते दिसते. आर-२२ बीटा-२ आणि कार्ब्युरेटर असलेल्या आर-४४ मध्ये कलेक्टिव्ह खाली घेतला की गरम हवा आपोआप वाढते आणि वर घेतला की कमी होते, अशी जोडणी असते. ती साहाय्यक आहे. तिने दिलेली ऊब पुरेशी आहे का, हे वैमानिकाने मापकावर पाहून हाताने दुरुस्त करायचे असते.

कार्ब हीट ओढल्यावर इंजिन अधिकच खडखडू लागले. परत बंद करावी का?

बंद करू नये. गरम हवेमुळे मिश्रणात इंधनाचे प्रमाण वाढते आणि वितळलेले पाणी सिलिंडरमध्ये शिरते, त्यामुळे काही सेकंद इंजिन अडखळते. बर्फ वितळत असल्याचेच ते लक्षण असते. या क्षणी घाबरून कार्ब हीट बंद करणे म्हणजे अर्धवट वितळलेल्या बर्फावर पुन्हा थंड हवा सोडणे होय.

डीरेटेड इंजिनाच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी लागते. बर्फ असताना वैमानिकाने स्वतः थ्रॉटल उघडून शक्ती टिकवली असेल आणि बर्फ अचानक सुटला, तर मॅनिफोल्ड प्रेशर अनुज्ञेय मर्यादेच्या वर उसळू शकते. गव्हर्नर चालू असेल तर तो थ्रॉटल मिटवून घेतो. तरीही ऊब दिल्यानंतरचे काही क्षण त्या काट्यावर नजर ठेवावी.

गरम हवेने शक्ती किती कमी होते, आणि डीरेटेड इंजिनाला ती परवडते का?

गरम हवेची घनता कमी असल्याने पूर्ण ऊब दिल्यावर कमाल शक्तीत १५ टक्क्यांपर्यंत घट येऊ शकते. कमी उंचीवर डीरेटेड इंजिनाला ही घट भरून काढायला थ्रॉटल शिल्लक असते, त्यामुळे "शक्ती कमी पडेल" या भीतीने ऊब टाळण्याला तिथे काहीच आधार नाही. राखीव शक्तीचा हा खरा उपयोग आहे.

उंचीवर चित्र बदलते. थ्रॉटल पूर्ण उघडण्याच्या बेतात असताना दिलेली प्रत्येक अंश ऊब प्रत्यक्ष शक्तीतून वजा होते. उंचावर घिरट्या घेण्याचे गणित करताना ही वजाबाकी आधी करावी. शक्ती पुरत नसेल तर वजन कमी करावे किंवा तो बेत सोडावा, ऊब कमी करून भागवू नये.

जमिनीवर इंजिन तापवत असताना बर्फ होतो का?

होतो. मंद फेऱ्यांवर झडप जवळजवळ मिटलेली असते आणि इंजिन अजून पुरते तापलेले नसते. ओल्या गवतावर उभे राहून, रोटरच्या झोताने उडणारा ओलावा पुन्हा इंजिनात जात असेल, तर अधिकच. उड्डाणापूर्वी कार्ब हीटची चाचणी घेताना मापकाचा काटा वर चढला पाहिजे, आणि मापक नसेल तर फेरे थोडे उतरले पाहिजेत. बंद केल्यावर फेरे आधीपेक्षा जास्त झाले, तर बर्फ होता आणि तो वितळला असे समजावे. गरम हवा गाळणीतून येत नाही, म्हणून धुळीच्या जागी ही चाचणी थोडक्यात उरकावी.

मोटारीचे पेट्रोल वापरल्याने फरक पडतो का?

पडतो, आणि तो धोक्याच्या बाजूने पडतो. मोटारीचे पेट्रोल विमानाच्या पेट्रोलपेक्षा अधिक बाष्पनशील असते, त्यामुळे ते घशात लवकर आणि जास्त थंडावा निर्माण करते. बर्फ अधिक तापमानात आणि कमी आर्द्रतेतही होऊ शकतो. त्यात इथेनॉल मिसळलेले असेल, तर बाष्पीभवनाची उष्णता आणखी वाढते आणि इंधनात पाणीही मुरते. विमानाला त्या इंधनाची अधिकृत मान्यता नसेल, तर ते भरूच नये.

इंधन फवारणीच्या इंजिनाला हे काहीच लागू नाही ना?

आर-४४ रेव्हन-२ सारख्या प्रकारांत इंधन सिलिंडरच्या तोंडाशी, गरम भागात फवारले जाते, त्यामुळे झडपेवर बाष्पीभवनाचा थंडावा नसतो आणि कार्ब्युरेटरमधला बर्फ हा प्रश्न उरत नाही. गाळणीवर आघाताने साचणारा बर्फ मात्र तिथेही होतो.

देखभालीत काय तपासावे?

एक्झॉस्टभोवतीचे आवरण, तिथून कार्ब्युरेटरकडे जाणारी नळी, हवा वळवणारी झडप आणि तिची केबल हे चार भाग प्रत्येक तपासणीत हाताने चाचपून पाहावेत. नळी फाटलेली असेल किंवा झडप पूर्ण वळत नसेल, तर कॉकपिटमधील दांडा पूर्ण ओढलेला दिसतो आणि कार्ब्युरेटरला मिळते ती निम्मी थंड हवा. झडप उलट्या बाजूने गळत असेल तर सतत गरम हवा मिसळून शक्ती कमी भासते, आणि हे दुखणे अनेकदा इंजिनाच्या माथी मारले जाते. आवरणाखालच्या एक्झॉस्टला तडा गेला असेल, तर कार्ब हीट दिल्यावर इंजिनात जळलेला वायू शिरतो. तो तडा केबिनच्या ऊबेच्या वाटेवर असेल, तर कार्बन मोनॉक्साइडचा धोकाही उभा राहतो.

तापमानाच्या मापकाची परीक्षा सोपी आहे. रात्रभर उभ्या असलेल्या विमानात, इंजिन सुरू करण्यापूर्वी, तो बाहेरच्या तापमानाच्या जवळचा आकडा दाखवतो का ते पाहावे. पाच-सहा अंशांचा फरक असेल, तर पिवळ्या पट्ट्याची कड कुठे आहे हे वैमानिकाला चुकीचे कळत असते, आणि तो मापक दुरुस्त होईपर्यंत बर्फाला अनुकूल हवेत त्यावर भरवसा ठेवून उड्डाण करू नये.

इंजिन बंद पडल्यानंतर तपासणीत बर्फ का सापडत नाही?

इंजिन थांबले की हवेचा ओघ आणि इंधनाचे बाष्पीभवन दोन्ही थांबते. शेजारच्या गरम भागांची ऊब कार्ब्युरेटरमध्ये शिरते आणि काही मिनिटांत बर्फाचे पाणी होऊन ते वाळूनही जाते. तपासणारा माणूस पोहोचतो तेव्हा कार्ब्युरेटर कोरडा असतो आणि इंजिन पहिल्या प्रयत्नात सुरू होते. म्हणून अशा घटनेत त्या वेळचे तापमान, दवबिंदू, मॅनिफोल्ड प्रेशर आणि कार्ब हीटच्या दांड्याची स्थिती यांची नोंद तत्काळ करून ठेवावी, आणि दांडा कोणी हलवण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घ्यावे.